मंदाबाईंचे नाजूक हृदय

तुळिंजच्या त्या घरात सकाळ रोज एकाच क्रमाने उलगडत असे. नळाला पाणी आले की हरिश्चंद्र गावडे पिंप भरीत, चहाचे आधण ठेवीत आणि पलंगापाशी मंदाबाईंचे कॅलिपर आणून ठेवीत. लहानपणी पोलिओने वाळलेल्या डाव्या पायावर मंदाबाई ते स्वतःच चढवीत. पट्टे आवळताना कुणी मदत केलेली त्यांना खपत नसे. तोवर हरिश्चंद्र खाली जाऊन रिक्षा अडवीत आणि रिक्षावाल्याने काही विचारण्याआधीच सांगत, "बाईंच्या पायाला त्रास आहे, हळू घे." मग त्या सोपाऱ्याच्या शाळेत शिकवायला जात आणि ते मुंबईला, विमा कंपनीच्या कचेरीत.

पत्नीच्या वतीने बोलणे हा हरिश्चंद्रांचा स्वभावच होऊन गेला होता. बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत, जिथे म्हणून जागा मिळेनाशी होई तिथे ते तिचा त्रास थोडा वाढवून सांगत. गर्दी बेताची असली तर तो गुडघ्यापर्यंत राही. गर्दी वाढली की कंबरेपर्यंत चढे. मंदाबाई अशा वेळी शेजारी उभ्या राहून दुसरीकडे पाहत.

२००६च्या दिवाळीच्या सुट्टीत दोघे लक्षद्वीपच्या क्रूझवर निघाले, ते मंदाबाईंच्या एका हट्टासाठी. तिथल्या बेटावर नवख्या माणसालाही पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी नेतात, असे त्यांनी वाचले होते. त्यांचे माहेर निर्मळ गावचे. वाडीतल्या बावखलात, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्यात, त्या चालण्याआधी पोहायला शिकल्या, असे त्यांचे वडील सांगत. सोबतीला शेजारची आल्बिना आणि तिचा नवरा व्हॅलेरियन होते. आल्बिना मंदाबाईंची बालमैत्रीण.

घोटाळा झाला तो बोटीत चढतानाच. त्यांना मिळालेली खोली लांबलचक बोळाच्या टोकाला होती आणि हरिश्चंद्रांना ती लिफ्टजवळ हवी होती. त्यांनी पायाचा त्रास सांगितला, कंबरेपर्यंत चढवला. काउंटरवरची मुलगी नुसतीच हसत राहिली. तेव्हा ते खालच्या आवाजात म्हणाले, "पायाचं सोडा हो. हिचं हृदय नाजूक आहे." आणि त्यांनी आल्बिनाला कोपराने ढोसले. मैत्रिणीसाठी आल्बिना नुसत्या मान डोलावण्यावर थांबणारी नव्हती. तिने सांगितले, की दोन पायऱ्या चढली तरी बिचारीचे ओठ निळे पडतात.

खोली मिळाली. तिच्यामागोमाग चाकांची खुर्ची आली, बिनमिठाचे जेवण आले आणि नाडी पाहायला सकाळ-संध्याकाळ नर्सही येऊ लागली. मंदाबाईंनी अळणी वरण निमूटपणे खाल्ले. त्यांच्या संसारात ही धोक्याची खूण होती; पण हरिश्चंद्र लिफ्टच्या आनंदात होते.

बेट यायच्या आदल्या दिवशी नाश्त्याच्या वेळी कळले, की बोटीवरच्या डॉक्टरांनी मंदाबाईंना पाण्यात उतरायला मनाई केली आहे. मंदाबाईंनी हातातला चमचा खाली ठेवला.

"अहो, हे हृदय तुम्ही दिलंत. आता तुम्हीच काढून घ्या."

डॉक्टर क्षितिजा ही कोल्हापूरकडची तरुण मुलगी होती. हरिश्चंद्रांनी तिला सांगितले, की हृदय आता पूर्ण बरे आहे. दोन दिवसांत कसे, असे तिने विचारले. समुद्राच्या हवेने, असे ते म्हणाले. तिने मंदाबाईंना तपासले, काहीच सापडेना. पण काही दुखणी तपासणीत दिसत नाहीत, असे म्हणून तिने निळ्या ओठांच्या साक्षीदाराला बोलावून घेतले. आल्बिनाला वाटले, हरिभाऊंची खोली काढून घेताहेत. हरिश्चंद्र पाठीमागून हातवारे करीत होते, ते तिला उत्तेजनासारखे दिसले. आमच्या लेकीच्या, विनीच्या लग्नात ही देवळातच पाद्रीबाबांसमोर चक्कर येऊन पडली होती, आम्ही तर तेव्हाच आशा सोडलेली, असे तिने डोळे पुसत सांगितले.

डॉक्टरने हरिश्चंद्रांकडे वळून ते काय काम करतात, असे विचारले.

"विमा कंपनीत आहे."

"बाईंचा विमा आहे?"

"आहे ना, चांगला मोठा," हरिश्चंद्र सवयीच्या अभिमानाने म्हणाले. "मीच उतरवलाय."

डॉक्टरने स्टेथोस्कोप सावकाश टेबलावर ठेवला. इतका वेळ दारात उभा असलेला व्हॅलेरियन म्हणाला, "हरिभाऊ, आता गप ऱ्हा."

पण गप्प राहणे शक्य नव्हते. मोठा विमा उतरवलेल्या बायकोला पाण्याखाली नेण्याची ही घाई आता कशी दिसते आहे, ते हरिश्चंद्रांच्या ध्यानात आले. "मॅडम, मी खोटं बोललो," ते म्हणाले.

"कोणतं? आधीचं की आत्ताचं?"

हरिश्चंद्र बोटांवर मोजू लागले. डॉक्टरने सवयीने त्यांनाच विचारले, "बाईंना चढताना दम लागतो का?" त्यांनी तोंड उघडले.

"मला विचारा," मंदाबाई म्हणाल्या आणि उठल्या. कॅलिपरचा खडखड आवाज करीत त्या जिना चढून थेट वरच्या डेकवर गेल्या आणि तशाच परत आल्या. मागोमाग गेलेली डॉक्टर परतल्यावर खुर्चीत बसली आणि तिने आधी पाणी मागितले.

मग तिने परवानगी दिली. मात्र अट घातली. प्रशिक्षक असेलच, पण या पायाची ठेवण माहीत असलेले घरचे माणूसही शेजारी हवे. दोघांपैकी एकाने अंगठा वर केला, की दोघांनीही वर यायचे. "तुम्ही स्वतः खाली जाणार असाल," ती हरिश्चंद्रांना म्हणाली, "तर माझी शंका फिटेल."

घराजवळच्या कळंबच्या किनाऱ्यावर घोट्याच्या वर कधी न भिजलेले हरिश्चंद्र "जाईन" म्हणाले. पोहता येत नसले तरी चालेल, प्रशिक्षक धरून ठेवील, असे डॉक्टरने सांगितले. त्याने त्यांना फारसा धीर आला नाही.

दुसऱ्या दिवशी मंदाबाईंनी कॅलिपर होडीत काढून ठेवले आणि त्या काठावरून पाठमोऱ्या पाण्यात पडल्या. हरिश्चंद्रांना होडीवरच्या दोघांनी मिळून पाण्यात सोडावे लागले. खाली सगळे निळे आणि मुके होते. प्रशिक्षकाने बोटांचे कडे करून ठीक आहे ना, असे विचारले. मंदाबाईंनी कडे केले. मग त्याने हरिश्चंद्रांकडे पाहिले. त्यांना बरेच सांगायचे होते. कानात कळ येत होती, डोळ्यांवरच्या काचेत पाणी शिरत होते, आणि तोंडात नळी होती. त्यांचे बोट हलायच्या आत मंदाबाईंनी त्यांच्या वतीनेही कडे करून दाखवले.

हरिश्चंद्रांनी मुठीतून अंगठा बाहेर काढला. तो वर केला, की क्षणात सगळे संपणार होते.

मंदाबाई प्रवाळावरून वळत होत्या. डावा पाय पाण्याच्या मर्जीने मागून येत होता, आणि पिवळ्या माशांचा एक थवा त्या पायाला वळसा घालून चालला होता. त्यांना कसलीच घाई नव्हती.

हरिश्चंद्रांनी अंगठा मुठीत मिटला, ती मूठ दुसऱ्या हाताने घट्ट धरली, आणि मंदाबाईंनी स्वतः वर पाहीपर्यंत सोडली नाही.