मोर आणि तेलाचा डबा

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास आपल्या अंगणासमोर पाच-सहा वानरं, दोन मोर आणि जमलंच तर एखादा धनेश पक्षी हजर असेल, असं शंकररावांनी पक्कं ठरवून टाकलं होतं. वानरांना कळवायचं तेवढं राहिलं होतं.

शंकरराव अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीतून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. चौतीस वर्षांत त्यांनी कावळा, चिमणी आणि कबूतर यांच्यापलीकडे पक्षी पाहिला नव्हता. मग बदलापूरला शिरगावच्या मागे टेकडीच्या पायथ्याशी बैठं घर बांधलं आणि माणूस पार बदलला. पहाटे उठल्या उठल्या गळ्यात दुर्बीण. भारद्वाज दिसला की चहा थंड व्हायचा, आणि मोर दिसला की आपल्याला बायको आहे याचाही त्यांना विसर पडायचा. अंबरनाथ पूर्वेचा फ्लॅट त्यांनी अकरा महिन्यांसाठी भाड्याने दिला होता. आता ते अकरा महिने संपत आले होते. इथेच राहायचं की परत फ्लॅटवर जायचं, हे ठरवायची वेळ आली होती.

अंजनाबाईंनी तो निर्णय शीलाताईंवर सोपवला. शीलाताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, मुक्काम कात्रप. ताईने पसंत केल्याशिवाय अंजनाबाईंनी आजवर साधं पायपुसणंही घेतलं नव्हतं. खुद्द शंकररावांनाही ताईंनीच पसंत केलं होतं, त्यामुळे त्यांच्या पारखीवर शंका घ्यायची सोय नव्हती. ताईला आवडलं तर राहू, नाही तर गुमान अंबरनाथ, असं अंजनाबाईंनी सांगून टाकलं.

मोर-वानरं पाहून कोण विरघळणार नाही, असा शंकररावांचा हिशेब होता. ताईंना आधी काही बोलायचं नाही, व्हरांड्यात खुर्चीवर बसवायचं आणि एकदम मोर दाखवायचा.

"अहो, पण ताईचं कसं आहे ना..." अंजनाबाई म्हणाल्या.

"सरप्राइज आहे," म्हणून शंकररावांनी त्यांना गप्प केलं. असं दोनदा झालं.

शेजारच्या दौलतरावांना मात्र त्यांनी चार दिवस आधीच कुंपणावरून सांगून ठेवलं, की रविवारी नऊला खास पाहुण्या येणार आहेत आणि आमचं इथलं राहणं त्यांच्याच हातात आहे. दौलतरावांचा जन्म याच मातीतला. ते म्हणाले, "तुमी बेफिकीर ऱ्हावा, साहेब." शंकरराव बेफिकीर राहिले, तिथेच सगळं चुकलं.

रविवारी उजाडायच्या आतच ते निघाले आणि बदलापूरच्या बाजारातून मटण घेऊन आणि कात्रपहून ताईंना रिक्षात घालून नऊला घरी पोचले. जय भीम झाला, पाणी झालं, ताई खुर्चीत बसल्या. शंकररावांनी त्यांच्या हातात दुर्बीण दिली.

"काय बघू?"

"नुसतं बघत राहा, ताई."

ताई बघत राहिल्या. समोर टेकडी होती, आंबा होता, दौलतरावांचं भाजीचं शेत होतं. एरवी त्या आंब्यावर वानरांची शाळा भरलेली असायची. आज तिथे चिमणीसुद्धा नव्हती. अर्धा तास गेला. शंकररावांच्या कपाळावर घाम आला. शेवटी ते घराच्या मागे गेले आणि मोराने ओ द्यावी म्हणून त्यांनी मोरासारखं ओरडून पाहिलं. मोराने ओ दिली नाही. पुढून ताईंचा आवाज आला, "अंजे, ह्यांच्या घशाचं बघ गं काहीतरी."

तेवढ्यात त्यांना कुंपणापलीकडे दौलतराव दिसले. हातात तेलाचा पत्र्याचा डबा होता, बडवून बडवून पार चेपलेला. आंब्याच्या पलीकडच्या फांद्यांना चमकत्या पट्ट्या बांधलेल्या होत्या. दौलतरावांचा चेहरा घाम आणि अभिमान यांनी निथळत होता.

"काय साहेब, हाय का काय तरास पाव्हन्यांना?"

"त्रास कसला?"

"तुमी बाजाराला गेलात तवापासनं नऊपतोर डबा बडवला. वानरं पार टेकडीपल्याड घालवली. मोरांच्या मागं तर आमची कौसा गोफन घेऊन धावली. पाव्हनं काय एकट्या तुमचं हाय व्हय? पाव्हनं आळीचं असतंय."

ज्यांच्या भाज्या मोर खातात आणि आंबे वानरं खातात, त्यांना पाहुण्यांसाठी याहून मोठं काय करता येणार? शंकररावांना रागवायचं होतं, पण दौलतरावांचे सोललेले तळहात दिसले. ते फक्त "लई उपकार झाले" म्हणाले आणि फ्लॅटमध्ये परत जायची मनाची तयारी करत व्हरांड्यात आले.

शीलाताई डोळे मिटून बसल्या होत्या.

"शंकरराव, मला खरं खरं सांगा, इथे रोज असंच असतं?"

शंकररावांनी दुर्बीण उचलून आपल्या गळ्यात अडकवली.

"एवढा वेळ झाला, एक कबूतर नाही, एक माकड नाही. आमच्या कात्रपला कबुतरांनी जीव नकोसा केलाय. जाळी लावली तर ती जाळीच्या आत आली. मागच्या महिन्यात माकड घरात शिरून माझ्या बीपीच्या गोळ्या घेऊन गेलं. मला आता नुसता पंख फडफडला तरी धडधडतं." त्या बहिणीकडे वळल्या. "अंजे, इथून अजिबात हलायचं नाही. आणि मी दर रविवारी येणार."

अंजनाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "हेच दोनदा सांगायला आले होते," त्या हळूच म्हणाल्या.

अशा रीतीने घर राहिलं. पुढच्या रविवारी दौलतराव आणि कौसाबाई मेव्हण्याच्या गावी हळदीला गेले होते. जाताना आठवणीने डबा कुंपणावर ठेवून गेले.

सकाळी साडेआठला ताईंचा फोन आला, की रिक्षात बसलेय. शंकरराव अंगणात आले, तर आंब्याखाली मोर पिसारा फुलवून उभा होता. अकरा महिन्यांत इतक्या जवळून तो कधी दिसला नव्हता. पिसाऱ्यावर कोवळं ऊन पडलं होतं. शंकररावांनी त्याला डोळे भरून पाहिलं, मनातल्या मनात माफी मागितली आणि डबा बडवायला सुरुवात केली.