नवागतांसाठी सुचना (दुरुस्ती करू नये)

"बाई, 'सूचना'मधला 'सू' दीर्घच असतो ना? मग माझा अर्धा गुण का कापलात?"

हे विचारून दाखव, अशी वर्गातल्या मैत्रिणींनी पैज लावली होती. ज्ञानाची सुरुवात प्रश्नापासून होते आणि शेवट बाईंच्या भुवईपाशी. पण तो अर्धा गुण साधासुधा नव्हता. तेवढ्यासाठी मी मराठीत नापास होत होते.

बाई म्हणाल्या, "ऑनलाइन लोककोशात बघ. तिथे दीर्घ दाखव आणि अर्धा गुण घेऊन जा."

लोककोश म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायचा शब्दकोश. थोर उपक्रम आहे. शब्द एकशेवीस, नवागतांसाठी सूचना सातशेऐंशी. म्हणजे दर शब्दामागे साडेसहा. (अर्धी सूचना कुठे आहे हे विचारू नये, अशीही एक सूचना आहे.) 'सूचना' हा शब्द त्या एकशेवीसांत नव्हता. होता तो फक्त एका पानाच्या मथळ्यात: 'नवागतांसाठी सुचना'. चक्क ऱ्हस्व! बाईंनी तिथूनच उचललेला.

मथळ्याखाली पहिली सूचना होती: 'चूक दिसली? बेधडक सुधारा!' दुसरी: 'एवढ्यात नको.'

मी सगळ्या वाचल्या, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, भाजी निवडता निवडता. (देठं पातेल्यात गेली, पानं कचऱ्यात. त्याबद्दल आईने स्वतंत्र सूचना दिली.) मग रीतसर दुरुस्तीचा अर्ज केला. पानाचं नाव: 'सूचना'. उत्तर आलं, 'या नावाचं पान अस्तित्वात नाही.' नाइलाजाने 'सुचना' लिहिलं. ताबडतोब ज्येष्ठ जाणकारांचा (टोपणनाव 'थंडोबा') निरोप आला: "ताई, तुम्ही स्वतःच ऱ्हस्व लिहिता, मग तक्रार कशाची? आणि आम्हाला जे सुचतं ते आम्ही लिहितो. म्हणून सुचना."

बिनतोड! मला तर त्यांच्याबद्दल आदरच वाटायला लागला. मैत्रिणी म्हणाल्या, "गेली ही कामातून!"

पण सातशेऐंशी सुचना वाचून काढणारी मी पहिलीच निघाले. (खुद्द थंडोबांनी चाळीस सुचनांनंतर नाद सोडला होता.) त्यांनी मला थेट जाणकार केलं. आता येणारी प्रत्येक दुरुस्ती मीच तपासते आणि परत पाठवते. सातशेएक्याऐंशीवी सुचना तर माझीच आहे: 'सुचना वाचल्याशिवाय सुचना वाचू नयेत.' सगळ्यांनी खूप वाखाणली.

काल 'मुलीचा बाप' नावाच्या एका नवख्याने, एकही सुचना न वाचता, मथळ्यातला 'सु' दीर्घ केला. मी ऱ्हस्व केला. त्याने पुन्हा दीर्घ. मी पुन्हा ऱ्हस्व. दर वेळी शेजारच्या खोलीतून बाबांचं "अरेच्चा!" ऐकू येत होतं.

(वाचकहो, मघापासून मी 'सुचना' ऱ्हस्वच लिहितेय आणि तुम्ही हूं की चूं केलं नाहीत. शोभाल हो आमच्यात.)

शेवटी मी बाहेरच्या खोलीत गेले. बाबा केविलवाणे म्हणाले, "अगं, तुझ्याच अर्ध्या गुणासाठी चाललं होतं माझं!"

"आई, बाबा, मी निर्णय घेतलाय," मी म्हणाले. "फेरपरीक्षेत मी 'सु' ऱ्हस्व लिहिणार आणि पास होणार. आणि बाबा, तुमचं खातं मी कायमचं बंद केलंय. आई, हसू नकोस. तुझंही."