इंचाला तीनशे ठिपके

मढवीकाका फ्लॉपी जेवणाच्या डब्यातून आणत. वरच्या कप्प्यात फ्लॉपी, खालच्यात पोळी-भाजी. एकदा घाईत मी भलताच कप्पा उघडला आणि समोर लसणीची चटणी. "ती संगणकात घालू नका," काका गंभीरपणे म्हणाले.

नव्वदच्या दशकात खोपटला एसटी डेपोच्या मागे माझं डीटीपीचं दुकान होतं. दोन संगणक, एक लेझर प्रिंटर आणि कायम घाईतली गिऱ्हाइकं. कारखान्यातली ड्राफ्ट्समनची नोकरी संपल्यावर काकांनी घरी जुना संगणक घेतला होता. त्यावर ते माझ्या लग्नपत्रिकांसाठी गणपती, कलश, मोर काढत. चित्र छपाईसाठी बारीक ठिपक्यांत बाहेर काढायचं, म्हणजे एक्स्पोर्ट करायचं, ते मात्र माझ्याकडे. त्यांच्या संगणकाला ते झेपत नसे.

"किती ठेवू?" मी विचारायचे.

"इंचाला तीनशे ठिपके. एक कमी नको."

"काका, मोर एवढासा आहे. दीडशेत कुणाला कळणार?"

"मोराला कळेल."

कमी ठिपक्यांचं चित्र पडद्यावर छान दिसतं, पण कागदावर गोल रेघेला दातरे पडतात. काका त्यांना पायऱ्या म्हणत. खिशात कायम भिंग. ते कुणाच्या हातात देत नसत. लग्नाला गेले की आधी पत्रिका तपासत, मग नवरा-नवरीकडे बघत. दुसरीकडे छापलेली एक पत्रिका बघून त्यांनी भर मांडवात वरपित्याला सांगितलं, "तुमच्या गणपतीच्या सोंडेवर चढून जाता येईल." तो वरपिता मग माझ्याही दुकानाकडे फिरकला नाही.

एक्स्पोर्टला वीस-पंचवीस मिनिटं लागत. तेवढा वेळ काका मेन स्विचपाशी पहाऱ्याला उभे. वरच्या मजल्यावरच्या शिंदेवहिनींनी मिक्सर लावला की आमचे दिवे मंद व्हायचे. मग काका जिना चढून जात. "वहिनी, चटणी थांबवा. खाली एक्स्पोर्ट चाललाय." वहिनी नंतर मला ऐकवत, "तुमच्या मोरापायी आमचे डोसे राहिले."

एका दिवाळीच्या तोंडावर काका आले ते उभ्या उभ्याच. फाइल माझ्या संगणकावर घालून दिली आणि फ्लॉपी परत डब्यात ठेवली.

"एकच प्रत हवी. वसुबारसेला दाराला लावायची आहे. आज थांबता येत नाही, हिला डॉक्टरांकडे न्यायचंय."

काकूंची तब्येत बरी नसते, एवढं मला माहीत होतं. अधिक मी विचारलं नव्हतं.

फाइल उघडली. ठिपक्यांची रांगोळी होती. ठिपके जागच्या जागी, पण त्यांना जोडणाऱ्या रेघा वाकड्यातिकड्या, थरथरलेल्या. काकांचा हात गेला, मला वाटलं. वय झालं. त्यांना कमीपणा नको म्हणून मी तासभर बसून एकेक रेघ सरळ केली, त्याच नावाने साठवली, तीनशेवर एक्स्पोर्ट केली आणि प्रिंट काढून ठेवली. मेहरबानी केल्यासारखं वाटत होतं.

वसुबारसेच्या सकाळी काकांनी प्रिंटवर भिंग धरलं. बराच वेळ धरलं.

"पायऱ्या नाहीत ना?" मी विचारलं.

"नाहीत. पण ही कुणाची रांगोळी?"

"तुमचीच. जरा नीट केली."

"माझी नाही, बाई. हिची आहे."

मग त्यांनी सांगितलं. काकूंची उजवी बाजू उन्हाळ्यातच गेली होती. लग्न झाल्यापासून दारात रांगोळी घालणारी बाई आता डाव्या हाताने माऊस धरायला शिकत होती. ही एक रांगोळी काढायला त्यांना दोन महिने लागले होते. 'यंदाही दारात माझीच हवी,' एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

"मूळ आहे ना?" काकांनी विचारलं.

माझ्याकडे नव्हतं. मीच पुसलं होतं. "तुमची फ्लॉपी," मी म्हटलं.

काकांनी डबा उघडला. वरच्या कप्प्यात फ्लॉपी होती. ती संगणकात जाऊन कुरकुरायला लागली. फाइल उघडली. थरथर जशीच्या तशी. एक्स्पोर्ट लावला. काका मेन स्विचपाशी उभे राहिले आणि या वेळी जिना मी चढले.

"वहिनी, अर्धा तास मिक्सर नको."

"अगं, फराळाचं चाललंय. पुन्हा मोर का?"

"मोर नाही. रांगोळी."

प्रिंट निघाली. काकांनी ती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तपासली आणि भिंग माझ्या हातात दिलं. एकेक रेघ थरथरत होती आणि त्या थरथरीला कुठेही पायरी नव्हती.

"आणखी एक काढून ठेवू?" मी विचारलं. "पुढच्या दिवाळीला होईल."

"नको," प्रिंट सांभाळून गुंडाळत काका म्हणाले. "पुढच्या दिवाळीची ती कालच काढायला बसलीय."