कारकुनाचा ओला कोट

सरांनी 'हो' म्हटलं, तिथंच सगळं बिघडलं. एरवी 'विचार करून सांगतो' यापलीकडे त्यांनी आयुष्यात कुणाला उत्तर दिलं नव्हतं. (लग्न ठरतानाही ते हेच म्हणाले होते, वडिलांनी विचाराला वेळ दिला नाही.) पण संग्रहालयाच्या बाईंचा फोन आला तेव्हा समोर नात बसली होती, आणि नातीच्या देखत विचार करत बसणं बरं दिसेना.

संग्रहालय होतं नदीकाठी, जुन्या धक्क्यावरच्या इमारतीत. शाळेच्या मुलांना गावाचा इतिहास कळावा म्हणून तिथे जुन्या वेशातली माणसं उभी करत: नावाडी, धोबीण, लोहार. मुलांनी प्रश्न विचारायचे आणि त्यांनी त्या काळचं होऊन उत्तरं द्यायची. यंदा कारकून कमी पडत होता. पूल बांधला जाण्याआधी नावेत माणसं मोजून बसवणारा कारकून. एका पुरात त्यानं नको तितकी माणसं बसवली आणि नाव बुडाली. सरांचा प्रबंधच त्या दुर्घटनेवर होता. दोष कारकुनाचा, हे त्यांनी जाडजूड ग्रंथभर सिद्ध केलं होतं.

"आजोबा, माझाच वर्ग येणारे," नात म्हणाली. घरात तिला भिंगरी म्हणत.

"मग छानच की!"

"छान काय? तुम्ही तळटीपा सांगता. मागे शाळेत आलात तेव्हा अर्धी मुलं झोपली. अजून मला 'तळटीप' म्हणून हाका मारतात."

विद्वानांनी केलेली टीका त्यांनी पचवली होती, ही पचेना. या वेळी पोरीची मान खाली जाऊ द्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं. (जमेल याची खात्री नव्हती. पण ती त्यांना कशाचीच नसे.)

बाईंनी कोट दिला. काळा, लोकरीचा, जड. "कुणी दिला माहीत नाही, पेटीत सापडला. त्या काळचाच असावा. धुवायचा मात्र नाही हं. आणि एक नियम: वेश अंगावर असेपर्यंत भूमिका सोडायची नाही. आकाश कोसळलं तरी."

घरी आरशासमोर सरांनी तो घातला. ऐसपैस होता. कुबट वास येत होता, पण इतिहासाला वास असायचाच. दुसऱ्या दिवशी ते वाचनालयातून परतले, पुन्हा कोट चढवला, आणि दचकले. बटणं लागेनात. कॉलर गळ्याशी आवळून बसली होती.

"अगं, मी जाड झालोय का?"

"झालाय," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"कालपासून?"

"तुमच्या लक्षात आज आलं असेल."

त्याच्या दुसऱ्या दिवशी कोट ओला होता. बाह्या थंडगार, गच्च, पाण्यातून काढल्यासारख्या.

"अगं, हा ओला कसा?"

"हवा दमट आहे."

"माझा शर्ट तर कोरडा आहे."

"शर्ट सुती आहे," ती म्हणाली आणि फोडणीत मोहरी टाकली, म्हणजे बोलणं संपलं.

सर आपल्या खोलीत आले. जरा आधार म्हणून प्रबंध चाळावा म्हणून कपाट उघडलं, तर प्रबंधाच्या जागी रिकामा चौकोन. बाकीची पुस्तकं जागच्या जागी. एवढी वर्षं त्या ग्रंथाला कुणी हात लावला नव्हता (परीक्षकांनीही लावला होता की नाही, याची त्यांना शंका होती), तो आज कुणाला हवासा वाटावा? जगात असा एकच माणूस होता, आणि तो नदीत बुडून मेला होता.

सरांना दरदरून घाम फुटला. अंधश्रद्धेवर त्यांनी व्याख्यानं दिली होती. ती सगळी आठवून पाहिली. एकही उपयोगी पडलं नाही.

संध्याकाळी मागच्या बंद बाथरूममधून आवाज आला. टप. टप. दिवा लावायचा राहिला होता. सरांनी दार ढकललं.

आत कुणीतरी उभं होतं. खांदे होते, दोन्ही हात होते. डोकं नव्हतं. मुठी कशानं तरी जड झाल्यासारखे हात खाली ओढले गेले होते, पायांच्या जागी काहीतरी चौकोनी हळूहळू झुलत होतं, आणि बाह्यांतून पाणी ठिबकत होतं.

"माफ करा," सर म्हणाले आणि दार लावून घेतलं. (टकटक करायला हवी होती, ही चुटपुट त्यांना जेवण होईपर्यंत लागून राहिली.)

बायकोला सांगावं, तर ती डॉक्टरकडे नेणार. बाईंना नाही म्हणावं, तर भिंगरी जन्मभर तळटीप राहणार. सर गप्प बसले.

कार्यक्रमाच्या दुपारी त्यांनी डोळे मिटून कोट चढवला. आता तो जेमतेम बसत होता. म्हणजे कोटानं त्याला हवं तसं सरांचं माप घेतलं होतं. धक्क्यावरच्या दगडी खोलीत उजेड कमी होता. खिडकीखाली नदी दगडांशी पुटपुटत होती. मुलं आत आली. भिंगरी सगळ्यांच्या मागे, नजर जमिनीवर.

"कारकूनकाका, नाव कशी बुडाली?" पुढच्या मुलीनं विचारलं.

पाठ केलेल्या भाषणाची सुरुवातच सरांना आठवेना. कॉलर गळ्याला हातासारखी लागत होती. आणि बाहीतून, त्या शांत खोलीत, पाण्याचा थेंब फरशीवर पडला.

टप.

सगळ्या मुलांनी खाली पाहिलं. सरांनीही पाहिलं. दुसरा थेंब पडला, तिसरा पडला. पळून जावं असं त्यांना वाटलं, पण दारात बाई उभ्या होत्या.

"मी मोजत होतो," सर म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "पलीकडे आजारी आई असलेला एक जण आला. मग तान्हं घेतलेली बाई आली. तुम्ही कुणाला उतरवलं असतं? मला नाही जमलं. चूक माझीच. पण नाव उलटल्यावर मी उडी मारली होती. एका शहाण्या माणसानं माझ्यावर मोठा ग्रंथ लिहिला. उडी त्यात आहे. पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत."

"तुम्ही... मेलात का?" मागून कुणीतरी विचारलं.

वेश अंगावर होता. भूमिका सोडायची नव्हती.

"मला अजून कुणी पाण्यातून वर ये म्हटलेलं नाही," सर म्हणाले.

मुलांची अख्खी रांग एक पाऊल मागे सरली. भिंगरी तेवढी पुढे आली, डोळे विस्फारून, आणि तिनं त्यांची ओली बाही धरली.

घरी आल्यावर सरांनी कोट खुर्चीवर टाकला आणि बायकोला सगळं सांगून टाकलं. ऐकता ऐकता ती पदरात तोंड लपवून हसायला लागली.

"अहो, मेल्या उंदरासारखा घाण वास येत होता त्याला! मी मशीनमध्ये टाकला. गरम पाण्यात. आकसला ना. मग रोज ओला करून मागच्या बाथरूममध्ये ताणत ठेवत होते. बाह्यांना दोन बत्ते बांधले, आणि खाली पिशवीत तुमचा प्रबंध."

"माझा प्रबंध?"

"घरात त्याच्याइतकं जड दुसरं काही नाही."

सरांना एकदम हलकं वाटलं. "म्हणजे आजचं ते पाणी तुझं होतं!"

बायकोचं हसू थांबलं. "आजचं? छे. आज तर मी इस्त्री फिरवून खडखडीत वाळवून दिला होता."

खुर्चीवरच्या कोटाच्या बाहीतून एक थेंब सुटला आणि फरशीवर पडला.

तेवढ्यात भिंगरी धावत आत आली. "आजोबा, आता मला सगळे 'भुताची नात' म्हणतात!" आनंदानं तिचे गाल लाल झाले होते. "बाई म्हणाल्या, पुढच्या वर्षीही तुम्हीच हवेत. पण ते पाणी कसं आणलंत? सांगा ना!"

सरांनी घाबरून बायकोकडे पाहिलं. तिनं वाकून बाही उचलली, नाकाशी नेली आणि झटकन लांब धरली.

"काही अवघड नाही गं," ती म्हणाली. "यांना चार माणसांपुढे बोलायला उभं करायचं. आमच्या लग्नात हारसुद्धा पिळून काढावा लागला होता."