फोडणीबंदी

मागच्या शेडच्या तारेवर लाल फडकं दिसलं की त्या दिवशी मी फोडणी द्यायची नाही, असा शेजारच्या हरीकाकांचा कायदा होता. मोहरी नाही, लसूण नाही, कांदा तर नाहीच. वरण उकळायचं आणि गप बसायचं. आता माझा धंदाच डब्यांचा. आमच्या सालवडमध्ये राहून कंपन्यांत शिफ्ट करणारे यूपी-बिहारचे लोक माझ्याकडे जेवतात. बिनफोडणीचं वरण गेलं की संध्याकाळी डबा परत देताना विचारायचे, "आंटी, घर में कोई बीमार है क्या?"

हरीकाका मूळचे एडवणचे राऊत. काम मात्र असं की गावात सांगितलं तर कुणाला कळत नाही. महागड्या मोटरसायकलींना कार्बन फायबरचे पॅनल असतात. काळ्या धाग्यांची चटईसारखी वीण आणि तिच्यावर काचेसारखा लॅकर. मुंबईची पोरं रविवारी केळव्याला गाड्या उडवत येतात, वळणावरच्या वाळूत आडवी होतात आणि खरचटलेला पॅनल घेऊन काकांच्या दारात उभी राहतात. काका जुना लॅकर हलक्या हाताने घासून काढणार, नवा मारणार. वीण कापली जाता कामा नये, ती कापली की संपलं. आणि ओल्या लॅकरवर तेलाची वाफ बसली की बारीक बारीक खड्डे पडतात, म्हणे. काका त्यांना मावऱ्याचे, म्हणजे मासळीचे, डोळे म्हणत.

"बाय, तुझ्या फोडणीनं माझ्या मालाला डोळे आले गो," असं म्हणत ते माझ्या खिडकीशी भांडायला यायचे. डोक्याला तेल चोपडलेलं गिऱ्हाईक उंबऱ्याच्या आत घेत नसत. एकाला तर आधी डोकं धुऊन ये म्हणून नळावर पिटाळलं होतं.

पॅनल हातात आला की नखाने टकटक वाजवून ऐकायचे आणि म्हणायचे, "वीण शाबूत हाय. वरचंच गेलंय." हे वाक्य पॅनलपुरतं असतं तर ठीक. माझी पोळी करपली तरी तेच. माझा नवरा स्कूटरवरून पडून गुडघे सोलून आला, तर या गृहस्थाने त्याच्या गुडघ्यावर टकटक केलं. नवरा कळवळला आणि काका म्हणाले, वीण शाबूत हाय. मी हसले, शालूकाकी तर पदर तोंडाला लावून हसल्या.

शालूकाकी म्हणजे काकांची बायको. शेडच्या दारात बसून भाजी निवडायच्या. नवऱ्याला "अवो"शिवाय दुसरी हाक नाही. दुपार झाली की "अवो, पान वाढू का?" हे माझ्या ओट्यापर्यंत ऐकू यायचं. ती हाक आली की मी भात उतरवायची.

गेल्या वर्षापासून काकी विसरायला लागल्या. आधी मीठ, मग माणसांची नावं, मग घराची वाट. आणि एक दिवस पॅनल घासत बसलेल्या काकांना म्हणाल्या, "भाऊ, आमचे हे कुठं दिसले का?"

भाऊ! सख्ख्या नवऱ्याला भाऊ. मी धुणं वाळत घालत होते, माझा हात तसाच राहिला. काकांनी घासणं थांबवलं नाही. "येतील. तुमी बसा," म्हणाले. ज्या बायकोला जन्मभर अगं-तुगं केलं, तिला ते तुमी म्हणाले, कारण परक्या बाईशी तसंच बोलतात.

पालघरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेलं परत येणार नाही. काका घरी आले आणि अंगणात उभे राहून आम्हाला म्हणाले, "वीण शाबूत हाय. वरचंच गेलंय." कुणी हसलं नाही. मला तर रागच आला. काका, ती बाई आहे, पॅनल नाही, असं अगदी ओठावर आलं होतं.

मग एका सकाळी काकी न सांगता स्टेशनच्या वाटेला लागल्या. त्यांना शोधून आणण्यात काकांची सकाळ गेली आणि लॅकर मारायच्या घाईत फडकं लावायचं राहिलं. तारेवर काही नाही म्हणून मी बिनधास्त लसणाची फोडणी दिली. लगेच काका खिडकीत हजर, मास्क गळ्यात लोंबतोय. मी कंबर कसली. फडकं कुठे होतं, हे विचारायला तोंड उघडलंच होतं.

"कढईत काय टाकलंस?" त्यांनी विचारलं.

"लसूण."

"ती अवो म्हणाली," काका म्हणाले. "अवो, पान वाढू का, म्हणाली."

मागे शेडमध्ये पॅनलभर डोळे उठले होते. काकांनी तिकडे बघितलंही नाही. ते धावत जेवायला गेले. पण हात धुऊन पाटावर बसेपर्यंत काकी त्यांना पुन्हा भाऊ म्हणत होत्या.

तेव्हापासून कायदा उलटा झालाय. लाल फडकं कायमचं उतरलं. दुपारी काका शेडचं दार माझ्या खिडकीकडे सताड उघडं टाकतात आणि म्हणतात, "दे गो बाय." मी फोडणी देते. ओल्या लॅकरला डोळे येतात, काका ते घासतात, पुन्हा मारतात. गिऱ्हाइकं कुरकुरतात. मी म्हटलं, काका, लॅकर ओला असेल तेव्हा तरी दार लावून घ्या. तर म्हणाले, "अन् नेमकी तवाच हाक मारली तर?" मी लसूण सोलायला घेतला.

ती हाक काही पुन्हा आली नाही. काल मात्र फोडणी पडली आणि काकींचा आवाज आला. मी झारा धरून थांबले, काका दारात थांबले.

"भाऊ, शेजारी फोडणी दिली बघा," काकी म्हणाल्या. "आमच्या ह्यांना लसणाची लय आवडते. ते आले की सांगाल त्यांना?"

"सांगतो," काका म्हणाले.

मग खिडकीशी आले. मला वाटलं, आता हा माणूस ढसाढसा रडणार. तर काकांनी वाटी पुढे केली आणि काकींना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "ऐकलंस ना बाय? वीण शाबूत हाय."

मी हो म्हटलं आणि वाटीत वरण घातलं.