बाजूच्या सीटवरचे मास्तर

मास्तरांनी पिवळी स्पोर्ट्स कार दारात आणून उभी केली, तेव्हा काकूंनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "आणि उरलेली गाडी कधी येणार?"

"एवढीच असते," मास्तर म्हणाले.

गाडी होतीच तशी. जमिनीपासून वीतभर वर, सीटा दोनच, इंजिन मागे, आणि पुढच्या झाकणाखाली दोन कोबी मावतील एवढी जागा. या वयात माणसं गुडघे जपतात. मास्तरांनी ते पणाला लावले होते.

पण त्यांचंही खरं होतं. मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. तीस वर्षं त्यांनी बाजूच्या सीटवर बसून काढली. पायाखाली शिकवणाऱ्यासाठी असतो तो जादा ब्रेक, आणि चाक कायम दुसऱ्याच्या हातात. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली, पण स्वतः चालवली ती रोज संध्याकाळी शेडमध्ये लावण्यापुरती. शाळा विकून निवृत्त झाले त्याच दिवशी त्यांनी ठरवलं, आता चाक माझं, आणि गाडीही अशी की लोकांनी वळून बघितलं पाहिजे.

काकूंचे थोरले भाऊ गाडी बघायला आले ते आपल्या उंच गाडीतून. तिच्यात चढायला पायरी लागत असे आणि मेहुण्यांना त्या पायरीचाच जास्त अभिमान होता.

"भाऊजी, ही शोभेची वस्तू आहे. उन्हाळ्यात तापेल, पावसात बुडेल, थंडीत उठणार नाही. महिन्याभरात मला फोन कराल, मेहुणे, गाडी पाठवा म्हणून."

"वर्षभर रोज चालवून दाखवीन!" मास्तर बोलून गेले.

काकूंनी तिथल्या तिथे शब्द धरला. "ठरलं तर. वर्षभर, रोज घरचं एक तरी काम याच गाडीनं करायचं, घरातल्या माणसानं चालवून. एक दिवस जरी चुकला, नाहीतर दादाची गाडी मागवावी लागली, की ही विकायची आणि माणसासारखी चार दारांची घ्यायची."

झालं! मास्तरांच्या मागे वर्ष लागलं. पिठाचं पोतं बाजूच्या सीटवर पट्टा लावून घरी आलं आणि काकू मागून चालत आल्या. झाडू आणायचा तर अर्धा खिडकीबाहेर. थंडीत काचेवर दव गोठलं की मास्तर स्वयंपाकघरातलं उलथनं घेऊन खरवडत बसायचे. पावसात डबकं दिसलं की थांबायचे, कुणीतरी सायकलवाला त्यातून जाईपर्यंत वाट बघायचे आणि त्याचं चाक किती बुडतं ते बघून पुढचा निर्णय घ्यायचे. एकदा तर अंगात सणसणून ताप असताना स्वतःच्याच तापाचं औषध आणायला गाडी काढली.

सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे गतिरोधक. प्रत्येक गतिरोधकापाशी काकू उतरायच्या, गाडी तिरकी होऊन, पोट सांभाळत पलीकडे जायची, आणि काकू चालत जाऊन पुन्हा बसायच्या. बाजारापर्यंत असे नऊ.

"घरून चालत निघाले असते तर एकदाच चालावं लागलं असतं," काकू म्हणायच्या.

बरं, एवढी वाऱ्यासारखी गाडी, पण मास्तर चालवायचे ताशी पस्तीसनं. आरसा बघायचे, इशारा द्यायचे, पुन्हा आरसा बघायचे, आणि तोवर वळण मागे राहिलेलं असायचं. त्यांचेच जुने विद्यार्थी शेजारून पुढे जाताना आदरानं हात करायचे. तरीही मास्तर खूश होते. असे खूश ते तीस वर्षांत कधी दिसले नव्हते, हे काकूंनाही कबूल होतं.

बघता बघता शेवटचा दिवस उजाडला. मेहुण्यांनी त्या संध्याकाळी दोघांना जेवायला बोलावलं. "जिंकलात तर तुमचा सत्कार, हरलात तर माझा," ते म्हणाले. नेमकं आजच काही बिघडू नये म्हणून मास्तर सकाळी मेकॅनिककडे गेले. मेकॅनिकनं सगळं तपासलं आणि म्हणाला, "बसा शेजारी, एक चक्कर मारून बघू."

मास्तर शेजारी बसले आणि तिथंच घात झाला. कोपऱ्यावर एक मांजर आडवी आली. मास्तरांचे दोन्ही पाय तीस वर्षांच्या सवयीनं, असेल नसेल ती ताकद लावून समोरच्या रिकाम्या पत्र्यावर आदळले. मांजर वाचली. उजवा घोटा टम्म फुगला.

"मास्तर, ब्रेक मी मारला होता ना!" मेकॅनिक म्हणाला.

"मी तुझ्या आधी मारला," मास्तर कण्हत म्हणाले. "फक्त तो तिथं नव्हता."

मेकॅनिकनंच त्यांना आधी दवाखान्यात आणि मग घरी पोचवलं. म्हणजे मेकॅनिकची चक्कर शर्तीत धरता येणार नव्हती, तो काही घरातला माणूस नव्हे; आणि सकाळी मास्तर स्वतः गेले ते गाडीच्या कामाला, घरच्या नव्हे. डॉक्टरांनी पाय टेकवायलाही बंदी केली होती. दुपार सरली. गाडी दारात आणि मास्तर खुर्चीत, एकमेकांकडे बघत बसले.

पाच वाजता फोन वाजला. बातमी पोचली होती. दोघांचा मेकॅनिक एकच होता.

"भाऊजी, हात टेका आता! साडेसहाला न्यायला येतो. पायरीवरून हात धरून चढवतो तुम्हाला."

मास्तरांनी फोन ठेवला. "तीस वर्षं दुसऱ्याच्या हातातलं चाक बघितलं गं. एक वर्ष माझं होतं, तेही एका मांजरीनं नेलं."

काकूंनी खुंटीवरची किल्ली काढली. "उठा. दादाकडे जायचंय ना? तेच आजचं घरचं काम."

"कोण चालवणार?"

"घरातलं माणूस."

"तुला कुठं येतंय!"

काकूंनी पर्समधून लायसन काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. मास्तरांनी ते उलटंपालटं करून बघितलं. चार महिन्यांपूर्वीचं होतं, आणि खरं होतं.

"कुठं शिकलीस?"

"चौकातल्या नव्या शाळेत. शिकवणारी तुमचीच विद्यार्थिनी. पहिल्याच दिवशी म्हणाली, काकू, मास्तरांसारखं शिकवू, की चालवता येईल असं शिकवू?"

"अगं, पण माझ्याकडे का नाही शिकलीस?"

"तुमच्याकडे शिकले असते तर आज तुम्हाला घेऊन गेले असते का? आणि खरं सांगू, तुमचं चालवणं बघितल्यावर वाटलं, घरात एकाला तरी गाडी आली पाहिजे."

मास्तरांना रागवायचं होतं, पण शर्त वाचत होती. काकूंच्या खांद्याचा आधार घेऊन ते एका पायानं लंगडी घालत गेले आणि बाजूच्या सीटवर आदळले.

"क्लच!" गाडी हलण्याआधीच ते ओरडले.

"दाबलाय."

"आरसा!"

"बघितला. तुम्ही पाय सांभाळा."

गतिरोधक आले आणि गेले. काकूंनी गाडी अशी अलगद काढली की खालून एकदाही कर्रर्र झालं नाही. पुढे मोकळा रस्ता लागला. काकूंनी गियर बदलला, पाय दाबला, आणि मागून एक भरदार, घुमणारा आवाज उठला.

"हे काय झालं? कसला आवाज हा?" मास्तरांनी दरवाजा घट्ट धरला.

"इंजिनाचा. चौथ्या गियरमध्ये येतो. तुम्ही ऐकला नसेल."

मेहुणे फाटकापाशी किल्ली घेऊन निघायच्याच बेतात होते. पिवळी गाडी त्यांच्या पुढ्यात येऊन थांबली, काच खाली झाली आणि आत बहीण दिसली. मेहुण्यांचं तोंड उघडं ते उघडंच.

"हे धरायचं नाही! भाऊजी चालवणार होते!"

"घरातल्या माणसानं, असं ठरलं होतं, दादा. मी काय शेजारची आहे?"

"जिंकलो!" मास्तर आतूनच ओरडले. बाहेर येऊन ओरडायला त्यांना दोघांनी ओढून काढावं लागलं असतं, तेवढा धीर नव्हता.

सत्कार दणक्यात झाला. मेहुण्यांनी आणलेला गुच्छ काकूंना दिला आणि मास्तरांनी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. परत निघताना मास्तर मेहुण्यांच्या आधारानं लंगडी घालत गाडीपाशी आले आणि सवयीनं बाजूच्या सीटवर बसून पट्टा लावला. मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं.

"पाय बरा झाला की मीच चालवणार हं."

"चालवा की. तीन आठवड्यांनी."

"डॉक्टर तीन आठवडे म्हणाले?"

काकूंनी गाडी सुरू केली. अंधारातही त्यांचा चेहरा आनंदानं फुललेला दिसत होता.

"एक डॉक्टरांचा," त्या म्हणाल्या, "दोन माझे."