आत्याची तीन निधनं

बायकोचा फोन आला तेव्हा दप्तरी स्कॅनरच्या पोटात अडकलेला कागद चिमट्याने ओढत होता.

"अहो, आत्याबाईंचा फोन आला होता," बायको म्हणाली. "विचारत होत्या, त्या नक्की कितीदा वारल्या?"

"काय?"

"तीनदा की चारदा, तेवढं त्याला विचारून कळव म्हणाल्या. मी फोन हातभर लांब धरला होता, तरी सगळं ऐकू येत होतं."

दप्तरीने चिमटा खाली ठेवला. समोरच्या कागदाचा कोपरा मशीनमध्येच फाटला होता, पण त्याच्याकडे बघायचं त्राण त्याला उरलं नव्हतं.

रेडिओ केंद्रात त्याला चौतीस वर्षं झाली होती. मधल्या काळात त्याच्या पदाचं नाव पाच वेळा बदललं. आता तो 'डिजिटल जतन सहायक' होता, पण पहिल्या दिवशी लागलेलं 'दप्तरी' हे नाव काही सुटलं नाही. निवृत्तीला पाच महिने उरले होते आणि त्याआधी त्याला केंद्राच्या चाळीस वर्षांच्या बातम्यांच्या संहिता, श्रोत्यांची पत्रं आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या रेकॉर्ड केलेल्या आठवणी कॉम्प्युटरमध्ये घालायच्या होत्या. असे दोनशे साठ खोके होते. एक खोका संपला की शिपाई दोन आणून ठेवायचा. कंबर गेली होती, डोळे चुरचुरत होते, आणि जुन्या कागदांच्या धुळीने त्याला असा खोकला लागला होता की तो येतोय हे जिन्यावरच कळायचं.

घोळ शुक्रवारी झाला होता. जुन्या काळी केंद्रात कागदाची मारामार असायची. बातमीपत्र वाचून झालं की संहितेची मागची कोरी बाजू ज्याच्या हाताला लागेल त्याची. कोणी त्यावर हिशेब करायचं, कोणी साहेबांचं चित्र काढायचं, कोणी अर्जाचा कच्चा खर्डा. मग ते कागद पुन्हा गठ्ठ्यात लागायचे आणि दोरीने बांधले जायचे. दप्तरी आजवर फक्त पुढची बाजू स्कॅन करत होता. शुक्रवारी संध्याकाळी, घरी जायच्या घाईत, त्याने 'दोन्ही बाजू' हे बटण दाबलं. सहाशे कागद गेले. शनिवार-रविवारी यंत्राने ते आपले आपण वाचले, शब्द न् शब्द शोधता येईल असा लावला आणि साऱ्या जगाला खुला करून दिला.

आत्या ही केंद्राची जुनी श्रोती. तिने पाठवलेली जुनी पत्रं तिला दाखवावीत म्हणून शेजारणीने सोमवारी सकाळी मोबाइलवर तिचं नाव टाकलं. सात पत्रं निघाली. आणि तीन निधनं.

दप्तरीने ती पानं उघडली. अक्षर त्याचंच होतं. 'माझी आत्या आजारी' खोडून 'अत्यवस्थ', 'अत्यवस्थ' खोडून 'दिवंगत'. रजेचा अर्ज खरा वाटावा म्हणून खाली आत्याचं पूर्ण नाव आणि वय. यंत्राने खोडलेलंही इमानेइतबारे वाचलं होतं, त्यामुळे आत्या एका ओळीत आजारी पडून, अत्यवस्थ होऊन वारत होती. पुढच्या मे महिन्यात ती परत वारली होती. त्यानंतर दीड वर्षांनी परत.

त्याने ती पानं काढून टाकायचा प्रयत्न केला. पडद्यावर ओळ उमटली : 'जतन झालेली नोंद काढता येत नाही. फक्त दुरुस्तीची टीप जोडता येते.' हा नियम समितीत कोणी सुचवला होता ते दप्तरीला चांगलंच आठवत होतं. टाळ्याही वाजल्या होत्या.

तो संचालिका मॅडमच्या खोलीत गेला. मॅडम त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होत्या आणि अजून थकलेल्या नव्हत्या.

"मॅडम, एक चूक झालीय. मागच्या बाजू..."

"या, या! बसा!" मॅडम खुर्चीतून उठल्याच. "आपल्या संग्रहाला महिन्याला किती माणसं भेट देतात?"

"अकरा."

"आज दुपारपर्यंत चार हजार! आणि सगळी मागची बाजू वाचतायत. पुढे धरणाचं उद्घाटन आहे, ते कोणी बघत नाही. मागे निवेदकाने चहावर केलेली तक्रार आहे, ती तीनशे जणांनी एकमेकांना पाठवलीय. आणि त्या कुणाच्या तरी आत्या आहेत ना, तीनदा वारलेल्या, त्या तर मी पहिल्या पानावरच घेतल्या."

"त्या माझ्या आहेत," दप्तरी म्हणाला.

मॅडम हसल्या. मग त्याच्या तोंडाकडे बघून थांबल्या. पण पहिल्या पानावर जे जायचं ते गेलं होतं.

संध्याकाळपर्यंत त्या पानाचे फोटो नातेवाइकांत फिरले. फोटोत तारीख कापली गेली होती. लांबच्या एका चुलत भावाने सांत्वनासाठी आत्याच्याच घरी फोन लावला.

"कधी गेल्या हो?"

"अरे, मी बोलतेय."

"हो, हो. पण गेल्या कधी?"

मंगळवारी ज्येष्ठ नागरिकांच्या वाचक मंडळात आत्या नेहमीप्रमाणे दहा मिनिटं उशिरा पोचली, तर सगळे माना खाली घालून उभे. तीही मान खाली घालून उभी राहिली. दोन मिनिटं झाल्यावर तिने शेजारच्या बाईंना हळूच विचारलं, "कोण गेलं?" त्या बाईंना पाणी द्यावं लागलं.

बुधवारी प्रशासन विभागाचं पत्र आलं. खोटी कारणं दाखवून सहा दिवसांची रजा घेतल्याचं निदर्शनास आलं आहे, तरी सात दिवसांत लेखी खुलासा करावा, तोपर्यंत निवृत्तीची कागदपत्रं थांबवण्यात येत आहेत. दप्तरीने पत्र दोनदा वाचलं. तेव्हा तो फक्त दमला होता. थांबवायला त्यांना हेच सापडलं, असं त्याच्या मनात आलं आणि त्या विचारानेही तो दमला.

गुरुवारी आत्या स्वतः केंद्रावर आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, हातात छत्री, जिना चढून आलेली. धापसुद्धा लागली नव्हती.

"कुठाय तो?"

"आत्या, बस ना. चहा मागवतो."

"मेलेल्या माणसाला कसला चहा पाजतोस? मला संध्याकाळच्या बातम्यांत दुरुस्ती हवीय."

मॅडम धावत आल्या. बातम्यांत तसं देता येत नाही, पण आपण तुमच्या आठवणी रेकॉर्ड करू, त्या कायमच्या जतन होतील, असं त्यांनी समजावलं. 'कायमच्या' हा शब्द आत्याला पटला. ती स्टुडिओत जाऊन बसली. काचेच्या अलीकडे दप्तरी कानाला हेडफोन लावून उभा राहिला. आता आपली चौतीस वर्षांची अब्रू जाणार, आणि तीही उत्तम आवाजात, हे त्याने मनाशी पक्कं केलं.

"आत्याबाई," मॅडमनी विचारलं, "तुमच्या पहिल्या निधनाच्या दिवशी तुम्ही काय करत होता?"

"शिवणकाम करायचं होतं. नाही केलं."

"का?"

"हा झोपला होता ना! पूर आला होता त्या वर्षी. दर तासाला बातम्या. अकरा दिवस हा घरी गेला नव्हता. बाराव्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभा. म्हटलं, काय रे? तर म्हणतो, आत्या, थोडा टेकू का? चपलासुद्धा काढल्या नाहीत, शिवणयंत्राशेजारी चटईवर आडवा झाला तो दुसऱ्या दिवशी दुपारी उठला. मग मशीन कशी चालवणार? चार बायकांची कापडं राहिली. त्या भांडायला आल्या तर मी त्यांना बाहेरच गाठून परत पाठवलं."

काचेअलीकडे दप्तरीने हेडफोन नीट केला. त्याला चटई आठवत होती. मशीन बंद होती हे त्याला आजवर माहीत नव्हतं.

"मग त्यांनी रजेच्या अर्जात दमलो असं का नाही लिहिलं?" मॅडमनी विचारलं.

"तुम्ही देता का अशी रजा?"

मॅडमनी कागदांकडे बघितलं.

"दुसऱ्या वेळी मीच म्हटलं त्याला," आत्या पुढे म्हणाली, "मी मेले म्हणून सांग. मागल्या वेळी चाललं ना? तिसऱ्या वेळीही मीच म्हटलं. मरण्याबद्दल माझी काही तक्रार नाही."

"मग तक्रार कशाबद्दल आहे?"

आत्या माइकच्या जवळ सरकली. इतकी जवळ, की ध्वनीची सुई लाल रेघेपलीकडे गेली.

"अर्जात लिहिलंय, वय वर्षे सत्तर! मी सेहेचाळीस वर्षांची होते तेव्हा. एक केस पांढरा नव्हता माझा. परवा मंडळातल्या बाया बोटांवर मोजत होत्या. त्यांच्या हिशेबाने मी आज शंभरीच्या पुढे आहे!"

रेकॉर्डिंग संपल्यावर दप्तरीने टीप लिहायला घेतली. आत्या खुर्चीमागे उभी राहून चष्म्यातून प्रत्येक अक्षर तपासत होती. त्याने टाइप केलं : 'दुरुस्ती : पहिल्या निधनसमयी आत्यांचे वय सत्तर नसून सेहेचाळीस होते. दुसऱ्या निधनसमयी सत्तेचाळीस...'

"थांब. दुसऱ्यांदा मे महिना होता. माझा वाढदिवस जूनचा. सेहेचाळीसच लिही."

त्याने सेहेचाळीस केलं. तिसऱ्याला अठ्ठेचाळीस. मॅडमनी सही केली, केंद्राचा शिक्का उमटला आणि आत्या समाधानाने घरी गेली.

दप्तरीने प्रशासनाला तीन पानी खुलासा लिहिला. पूर, अकरा दिवस, चटई, सगळं खरं खरं लिहिलं, आणि सोबत दुरुस्त नोंदीची प्रत जोडली. पाठवून तो स्कॅनरपाशी जाऊन बसला.

आठवड्याने उत्तर आलं. तीन पानं कोणी वाचलेली दिसत नव्हती. 'सोबतच्या अधिकृत नोंदीवरून,' पत्रात लिहिलं होतं, 'आपल्या आत्यांची तिन्ही निधने वयाच्या तपशिलासह सिद्ध होत आहेत. सबब रजा नियमानुसार असून प्रकरण बंद करण्यात येत आहे. निवृत्तीची कागदपत्रे पुढे पाठवली आहेत. आपल्या दुःखात कार्यालय सहभागी आहे.'

दप्तरीने आत्याला फोन लावून पत्र शेवटपर्यंत वाचून दाखवलं.

"चला," आत्या म्हणाली, "बत्तीस वर्षांनी का होईना, तुझ्या ऑफिसचे लोक सांत्वनाला आले."